गडी आला की उठायचं नाही

आमच्या गावच्या नाट्य मंडळात कितीतरी वर्षं एक नियम होता. नाटकात गडी असला की तो माझ्या सासऱ्यांनी करायचा, आणि नसला तर लिहून घालायचा. ऐतिहासिक नाटकात ते हुजरे झाले, सामाजिक नाटकात रामागडी झाले, आणि एकदा पौराणिक नाटकात इंद्राच्या दरबारात खांद्यावर टॉवेल टाकून उभे राहिले. त्यांना दुसरं काम कोणी विचारलं नाही आणि त्यांनी मागितलंही नाही. घरी दोन विहिरींचं बागायत होतं, भावकीत शब्द त्यांचा चालायचा, जत्रेच्या कमिटीत त्यांच्याशिवाय पान हलत नव्हतं. अशा माणसाला वर्षातून एकदा दुसऱ्याच्या चहाचा ट्रे का उचलावासा वाटायचा, ते मला अजून सांगता येणार नाही.

मी त्यांना मामा म्हणायचे. म्हणजे मनात म्हणायचे, कारण आमचं बोलणं नव्हतं. भांडण वगैरे काही नव्हतं. आमच्याकडे सासरा सुनेशी थेट बोलत नाही, एवढंच. चहा हवा असला की ते पडवीतून म्हणायचे, "तिला म्हनावं, च्या टाक." कोणाला उद्देशून, ते ठरलेलं नव्हतं. पडवीत कोणी असलं तर त्याला, नसलं तर खांबाला. मी चहा टाकायचे. ते आत आले की मी हातातलं काम ठेवून उठायचे, डोक्यावरचा पदर पुढे ओढायचे आणि भिंतीला सरकायचे. यात विचार नव्हता. शिंक यावी तसं ते व्हायचं.

फक्त एका वेळी हे मला जड जायचं. सकाळी अकराच्या सुमारास मी फरशी पुसायचे. आमच्याकडे शहाबादी फरशी आहे, ओली असताना छान काळी दिसते. ती अशी काळी दिसायला लागली की मामा पिकाला पाणी द्यायची दारं धरून शेतातून यायचे. पायाला घोट्यापर्यंत चिखल. पडवीतून सरळ समोरच्या खिडकीपर्यंत जायचे, रेडिओ लावायचे, बातम्या ऐकायचे आणि आल्या वाटेने परत जायचे. जाताना एक रांग, येताना एक रांग. दारात नळ होता. मी फडकं घेऊन पुन्हा बसायचे. लग्न होऊन सात वर्षं झाली होती आणि सात वर्षांत मी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं.

आता नाटकाचं. ही गोष्ट नव्वदच्या आसपासची नव्हे, थोडी नंतरची. गावात केबल नुकतीच आली होती. नाटकातलं बाईचं काम करायला पुण्याहून एक बाई यायच्या. जत्रेच्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने उतरायच्या, संध्याकाळी काम करायच्या आणि दुसऱ्या दिवशी जायच्या. तालमीत त्यांची वाक्यं सायकल दुकानवाला वाचायचा. त्या वर्षी बाईंचा निरोप आला की त्यांना टीव्हीवर काम मिळालं आहे. मंडळाचा डायरेक्टर मंचरला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होता. त्याला सगळे कंपाउंडरच म्हणायचे. तो आमच्या पडवीत येऊन डोकं धरून बसला.

"नाटक बसवायचं का नाय यंदा, तेवढं सांगा," तो म्हणाला.

मामा खांबाकडे बघत म्हणाले, "तिला म्हनावं, काम करती का."

मी आत पीठ मळत होते. माझे हात थांबले. लग्नाआधी कॉलेजात तीन वर्षं मी गॅदरिंगच्या नाटकात कामं केली होती. हे सासरी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. पण गोठ्यात धार काढताना मी जुनी वाक्यं म्हशीला म्हणून दाखवायचे. म्हैस शांत उभी राहायची. मामांनी ते कधीतरी ऐकलं असणार.

सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, हे पटायला चार दिवस लागले. नवऱ्याला विचारलं तर ते म्हणाले, "आईला विचार," आणि टेम्पो घेऊन गेले. पाचव्या दिवशी आत्यांनी निकाल दिला. "घरचं मानूस संगं स्टेजवर असंल तर करू दे. यकदा बघू. गावात शोभा झाली, तर फुडच्या वर्साला पुन्याची बाई आना. मग हिनं नाटकाचं नाव काढायचं न्हाई."

मला ते नाटक हवं होतं. इतकं दुसरं काही त्या घरात मी मागितलेलं मला आठवत नाही. एकदा नीट झालं की दर वर्षी. नाही झालं की म्हैस. हिशेब सोपा होता.

कंपाउंडरने यंदा फार्स करायचा ठरवलं होतं. पुस्तक जुन्या बाजारातून आणलेलं, मुखपृष्ठ फाटलेलं, त्यामुळे ते लिहिलं कोणी हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पुण्यातलं एक जोडपं असतं. नवऱ्याने साहेबाला थाप मारलेली असते की आमचे वडील मोठे बागायतदार आहेत. साहेब म्हणतो, मग भेटायला येतो. वडील तर कधीच वारलेले. मग घरच्या गड्यालाच कोट चढवून वडील करतात. साहेब समोर असला की बायकोने गड्याला सासरा म्हणून मान द्यायचा, आणि साहेब आतल्या खोलीत गेला रे गेला की त्यालाच गडी म्हणून झापायचं. सगळी गंमत त्यात होती. नवरा सायकल दुकानवाला, साहेब ग्रामसेवक, बायको मी. गडी कोण, हे विचारायची गरज नव्हती.

दोष कोणाच्या लक्षात आला नाही. घरचं माणूस सोबत हवं म्हणून मला घेतलं होतं, आणि घरचं माणूस गडी होतं. यात काही अडचण असेल असं आत्यांना वाटलं नाही, कंपाउंडरला वाटलं नाही, मलाही वाटलं नाही.

तालमी आमच्या कांद्याच्या बराखीत सुरू झाल्या. कांदा अजून शेतात होता, बराख रिकामी होती. दुपारी दोन ते चार. पहिल्या दिवशी मी खुर्चीवर पेपर वाचत बसले होते. मामा चहाचा ट्रे घेऊन आले. मी उठले, पदर पुढे ओढला आणि भिंतीला सरकले.

कंपाउंडरकडे एक शिट्टी होती. ती त्याने वाजवली. "वहिनी, गडी आला की उठायचं नाय."

"बरं," मी म्हणाले.

मामा परत गेले, परत आले. मी उठले. शिट्टी वाजली. त्या दुपारी ती किती वेळा वाजली कोण जाणे, पण रस्त्याने जाणारे लोक मॅच चालू आहे समजून आत डोकावून गेले.

साहेब समोर असतानाचे प्रवेश मी असे केले की ग्रामसेवक म्हणाला, काय नॅचरल आहे राव. मामांनाही कोटात सासरा व्हायला कष्ट पडले नाहीत. पण साहेब आत गेला तरी मी तशीच. कंपाउंडर म्हणाला, "असं केलं तर पब्लिकला कळायचं कसं, ह्ये गडी कवा हायेत आन सासरं कवा?" त्याचं बरोबर होतं. माझी वाक्यंही बिघडत होती. पुस्तकात होतं, 'अरे गाढवा, साखर काय तुझा बाप टाकणार?' मी म्हणाले, "साखर टाकायची राहिली वाटतं." तेही भिंतीकडे बघून.

उपाय पुष्कळ झाले. मामांना बाजूला बसवून सायकल दुकानवाल्याला गडी केलं. मी त्याला असं झापलं की तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. सगळ्यांना वाटलं, जमलं. मग मामा ट्रे घेऊन आले आणि मी उठले. दुसऱ्या दिवशी पदर खांद्याला दोन पिना लावून घट्ट केला, म्हणजे डोक्यावर जाणारच नाही. मामा आले. माझा हात खांद्याकडे गेला, पिना लागल्या, तेव्हा मी हातातला पेपर डोक्यावर धरला. शिट्टी वाजवायचं कंपाउंडरने त्या दिवशी सोडून दिलं. तो पायरीवर जाऊन बसला.

तिसऱ्या अंकात बायको गड्याला झाडूने मारते असं होतं. झाडूला आत्यांनी नकार दिला, झाडू लक्ष्मी असते. लाटणं सुचवलं, तर मामांच्या डोक्याला लागेल. शेवटी गुंडाळलेला पेपर ठरला. पण पेपर मी त्यांच्या दिशेने नुसता धरायचे, जसं काही त्यांना वाचायला देते आहे.

मामा यावर काही बोलत नव्हते. बराखीतून घरी येताना ते पुढे चालायचे, मी बरंच मागून. एकदा ते न वळता रस्त्याला म्हणाले, "तिला म्हनावं, हान की." मी रस्त्याला काही उत्तर दिलं नाही.

मग कांदा निघाला, बराख भरली आणि तालमी बंद झाल्या.

जत्रेत सकाळ बैलगाड्यांची, दुपार कुस्त्यांची आणि रात्र तमाशाची. यात नाटकाला संध्याकाळी पाच ते साडेसात एवढी फट मिळायची. चैत्रातलं ऊन समोरून स्टेजवर यायचं, त्यामुळे लाईटची गरज नसायची. शेजारी आखाडा, त्यात तांबडी माती, टँकरने पाणी मारलेली. पुढे गाव बसलेलं. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. पहिल्या ओळीत म्हातारी माणसं आणि त्यांच्यात आत्या, नवीन लुगड्यात. सोफा एका नव्या नवरीच्या माहेरचा होता. तो देताना अट घातली होती की प्लॅस्टिकचं कव्हर काढायचं नाही. पुढे अंथरायला मी माझ्या रुखवतातली पांढरी चादर दिली होती. भरतकाम माझं स्वतःचं होतं, कडेने मोर.

पडदा उघडला. मी सोफ्यावर पेपर वाचत होते. प्लॅस्टिक तापलं होतं. मामा ट्रे घेऊन आले आणि मी उठले. प्लॅस्टिक साडीला चिकटलं होतं ते चर्र करून सुटलं. तो आवाज माईकने टिपला.

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं लोक ओरडतील, शिट्ट्या मारतील. तसं काही झालं नाही. समोर बसलेल्या गावाला त्यात काही चुकलेलं दिसलंच नाही. सासरा आला, सून उठली. मग काय करणार? पहिला अंक सगळा असाच गेला. मामा आले की मी उठायचे, गेले की बसायचे. लोक शांतपणे बघत होते, सत्यनारायणाला बसल्यासारखे. फार्सच्या पहिल्या अंकात एक माणूस हसला, तोही बाजूच्याने काहीतरी वेगळं सांगितलं म्हणून.

पडदा पडला. मी विंगेत एका ट्रंकेवर बसले आणि मला रडू आलं. पुण्याच्या बाई पुढच्या वर्षी सकाळच्या एस.टी.ने उतरताना मला दिसायला लागल्या.  मामा कुठे दिसत नव्हते. कोणी म्हणालं, समोर आत्यांजवळ उकिडवे बसून काहीतरी विचारत होते. कोणी म्हणालं, आखाड्याकडे गेले.

दुसरा अंक सुरू झाला. मी सोफ्यावर, पेपर हातात. साहेब आतल्या खोलीत. मामा आले, खांद्यावर टॉवेल. मी उठले, हात पदराकडे गेला, आणि माझी नजर खाली गेली.

पाय घोट्यापर्यंत तांबडे होते. ओला चिखल. मामांनी चादरीवर पाय ठेवला. मोरावर. दुसरा पाय ठेवला. असे ते सावकाश चादरीच्या या टोकापासून त्या टोकाला गेले, तिथे काहीच नव्हतं, आणि आल्या वाटेने परत आले. जाताना एक रांग, येताना एक रांग.

मी जे बोलले ते पुस्तकात नव्हतं.

"थांबा!" मी ओरडले. "पाय बघा! पाय बघा आधी! आत्ता पुसलीया फरशी. आत्ता पुसायची आन आत्ता तुमी यायचं! रेडिव काय पळून चाललाय? दारात नळ हाय, नळाला पानी हाय, दोन तांबे वतायला हात झडत्यात का? सात वर्सं पुसती मी. सात वर्सं! यक दिवस तरी वाळू दिली का फरशी?"

स्टेजवर फरशी नव्हती. रेडिओ नव्हता. नाटकातल्या जोडप्याच्या लग्नाला एक वर्ष झालेलं होतं आणि गडी गेल्या महिन्यात लागलेला होता. विंगेत प्रॉम्प्टर गुरुजींनी पुस्तकाची पानं मागे-पुढे केली आणि मग पुस्तक मिटून ठेवलं.

मामा मान खाली घालून उभे होते. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे, खांबाकडे नव्हे, बघून म्हणाले, "चुकलं, बाईसाहेब."

हे मात्र पुस्तकातलं होतं. मी पेपर गुंडाळला आणि त्यांच्या पाठीत हाणला. पुस्तकात एकदा मारायचं होतं, आणि तेही तिसऱ्या अंकात. मी दोनदा मारला.

 मग उजवीकडून, बायकांतून, एक हसली. कोण ते दिसलं नाही, पदर तोंडावर होता. मग तिच्या शेजारची, मग सगळी उजवी बाजू. आमच्याकडे बायका चारचौघांत असं हसत नाहीत, पुढे सासरे बसलेले असताना तर नाहीच. पण त्या दिवशी प्रत्येकीच्या घरी एक फरशी होती. आत्या तर लुगड्याच्या पदराने डोळे पुसत होत्या. डावीकडचे पुरुष आधी एकमेकांच्या पायांकडे बघत बसले आणि मग तेही हसले. त्यानंतर मामा किती वेळा आले, मी सोफ्यावरून हललेसुद्धा नाही. प्लॅस्टिकचे चटके बसत होते, बसू दिले. तिसऱ्या अंकात पेपर पुन्हा चालला, तेव्हा समोरच्या बायका ओरडून सांगत होत्या, अजून एक, अजून एक.

दुसऱ्या दिवशी आत्या हरभरा निवडत होत्या. मी विचारलं, "आत्या, मामा काल तुमच्याजवळ येऊन काय विचारत होते?"

"त्ये व्हय," आत्या म्हणाल्या. "इचारत व्हते, तिला राग कशाचा येतो. म्या सांगितलं, तुमच्या पायांचा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"न कळायला काय. फडकं पिळतीस तवा दिसतं की."

मला त्या क्षणी दोघांचाही भयंकर राग आला. सात वर्षं बघून गप्प बसायचं म्हणजे काय? मग मला हसू आलं, आणि मग पुन्हा राग आला. आत्या हरभरा निवडत होत्या.

अकराला मी फरशी पुसली. मामा शेतातून आले. मी उठले, पदर पुढे ओढला, भिंतीला सरकले. ते चिखलाच्या पायांनी खिडकीपर्यंत गेले, बातम्या ऐकल्या, परत आले. दारात जरा थांबले आणि खांबाला म्हणाले, "तिला म्हनावं, राग फुडच्या वर्साला लागंल."

मी फडकं ओलं केलं.

पुढे आम्ही आठ नाटकं केली. पुण्याच्या बाईंना परत कोणी बोलावलं नाही. मामांचे पाय शेवटपर्यंत तसेच राहिले, आणि मी शेवटपर्यंत पुसत राहिले. पण आता पुसताना मी ओठातल्या ओठात पुढच्या जत्रेची वाक्यं म्हणायचे. ते रेडिओचा आवाज जरा कमी करायचे. ऐकत असत की नाही, मला माहीत नाही. असावेत. घरात आम्ही एकमेकांशी थेट कधीच बोललो नाही. स्टेजवर मात्र वर्षातून एकदा ते मला बाईसाहेब म्हणायचे आणि मी त्यांना म्हणायचं ते सगळं म्हणून घ्यायचे.

ते गेल्यावर दोन वर्षं नाटक झालं नाही. आता फरशी पुसली की संध्याकाळपर्यंत काळी दिसते. मला ते आवडत नाही.

तिसऱ्या वर्षी कंपाउंडर पुन्हा पडवीत आला. त्याचे केस पांढरे झाले होते. तोच फार्स करायचा ठरला. गड्याच्या कामाला दूध डेअरीवरचा एक जण घेतला, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, मला काकू म्हणणारा. तालमीत त्याला झापायला मला काहीच अडचण आली नाही. कंपाउंडरला एकदाही शिट्टी वाजवावी लागली नाही.

जत्रेत पडदा उघडला. मी सोफ्यावर पेपर वाचत होते. तो ट्रे घेऊन आला, खांद्यावर मामांचाच टॉवेल. मीच दिला होता. मी उठले. पदर पुढे ओढला आणि भिंतीला सरकले.

तो गोंधळला आणि ट्रे घेऊन तसाच उभा राहिला. विंगेत कंपाउंडर दिसत होता. शिट्टी त्याच्या हातात होती, ती त्याने खिशात ठेवली. समोर सगळं गाव बसलं होतं आणि कोणी हसलं नाही. पहिल्या ओळीत आत्या होत्या. त्या मान खाली घालून लुगड्याची कड नीट करत होत्या.

मग मी बसले, पेपर उघडला आणि त्याला विचारलं, साखर काय तुझा बाप टाकणार?